बायबलबाईंचं हँडबिल

हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत मी उमरग्याच्या एका लहानशा छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचं काम करत होतो. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन मालकांकडे, आणि खिळ्यांचे खण माझ्याकडे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेतल्या कुस्त्यांची हँडबिलं, असं काम यायचं. नक्षीची चौकट जुळवण्यात त्या भागात माझा हात धरणारा कुणी नाही, अशी माझी समजूत होती.

चर्चचं काम डिसेंबरात यायचं. नाताळच्या आठवड्यात चर्चच्या आवारात पेटी-तबल्यावर भजनं व्हायची. आसपासच्या खेड्यांतल्या लोकांनीही ती ऐकायला यावं, असं चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, यांच्या फार मनात होतं. ते सोलापूरकडचे, शांत बोलणारे गृहस्थ. पहिल्या वर्षी त्यांनी आणलेला मजकूर ‘सदर समारंभास’ असा सुरू होऊन पाहुण्यांच्या नावांवर संपत होता. मी त्याला दुहेरी चौकट दिली, चारही कोपऱ्यांत घंटा बसवल्या, पाच प्रकारची अक्षरं वापरली. पाळकसाहेब खूश झाले. कार्यक्रमाला मात्र त्यांची मंडळी तेवढी आली. खेड्यांतून कुणीच फिरकलं नाही.

पुढच्या वर्षी ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर पन्नाशीच्या एक बाई होत्या. पांढरं लुगडं, पायात जाड वहाणा, खांद्याला कापडी पिशवी. गावोगाव चालत जायचं, बायकांत बसून बायबलातल्या गोष्टी सांगायच्या, त्यांची पत्रं वाचून द्यायची, लिहून द्यायची, हे त्यांचं काम. सगळा गाव त्यांना बायबलबाई म्हणायचा. त्यांनी पिशवीतून माझं गेल्या वर्षीचं हँडबिल काढलं. घड्या पडून त्याच्या चिंध्या व्हायला आल्या होत्या.

“भाऊ, काम लई सुबक हाय तुमचं,” त्या म्हणाल्या. “पर हे बघायपुरतंच हाय. ऐकायला जमत न्हाय.”

मला राग आला. “हँडबिल वाचायचं असतं, बाई.”

“वाचतंय कोण? गावात एक जण वाचतो, शाळेचा मास्तर न्हाय तर टपालवाला. बाकीची धा-वीस माणसं ऐकत्यात. म्या सात गावांत हे वाचून दाखवलं. ‘सदर समारंभास’ म्हटलं की बायका उठून कामाला लागत्यात.”

मग बायका काय विचारतात ते त्यांनी सांगितलं. बाजाराच्या दिवशी हाय का? आमी आलं तर चालंल का? लेकरं कुठं ठेवायची? माघारी कसं यायचं? पाळकसाहेब मान खाली घालून ऐकत होते. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्या त्या देखण्या कागदावर नव्हतं.

बाई तिथंच कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या. एकेक ओळ सांगायच्या आणि मला मोठ्यानं म्हणून दाखवायला लावायच्या. जीभ अडली की तो शब्द बाद. सगळ्यात मोठ्या अक्षरांत आलं, ‘गाणी ऐकायला या’. त्याखाली, ‘चर्चच्या आवारात, मोटार स्टँडच्या मागं, मोठ्या लिंबाखाली. बाजाराच्या दिवशी, ऊन कललं की.’ आणि मग, ‘कुणीही या. लेकरं आणा. बायकांना बसायला सावली आहे, प्यायला पाणी आहे.’

“पाहुण्यांची नावं?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“पाहुण्यांना आपली नावं ठावं हायेत की, साहेब.”

पाळकसाहेब खळखळून हसले. त्यांनी स्वतःच पेन्सिल घेऊन नावं खोडली. बायबलातलं वचन मात्र राहू द्यावं, असं ते म्हणाले. बाईंनी लगेच मान डोलावली, फक्त ते लहान असावं एवढंच सांगितलं. नंतर चौकटीवर आल्या.

“चौकट काढली तर कागद उघडा दिसेल,” मी म्हणालो.

“मोकळा दिसंल. वाचणाऱ्याची नजर ठेचकाळणार न्हाय.”

माघारी जाण्याचा प्रश्न तेवढा राहिला होता. बाई उठून स्टँडवर गेल्या आणि विचारून आल्या. खेड्यांकडं जाणारी शेवटची गाडी साडेपाचला होती. कार्यक्रम सुरू व्हायचा होता पाचला! गाणारी मंडळी त्याच दुपारी सोलापूरहून यायची होती, म्हणून ती वेळ धरली होती. पाळकसाहेब म्हणाले, “त्यांना आदल्या दिवशी बोलावतो. कार्यक्रम दोनला सुरू करू.” मी ‘ऊन कललं की’ काढून ‘दुपारी दोनला’ घातलं आणि खाली ‘शेवटच्या गाडीआधी सोडू’ ही ओळ जोडली. एका कागदापायी अख्खा कार्यक्रम हललेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाईंनी मागची बाजू कोरी ठेवायला सांगितली. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, शिकलेल्या पाटील मंडळींना उर्दू झरझर यायची, मराठी वाचताना ती अडखळायची. आमच्याकडं उर्दू खिळे नव्हते. तहसिलीतून निवृत्त झालेल्या एका मुन्शींकडं बाई काही कागद घेऊन गेल्या आणि तोच मजकूर त्यांच्या वळणदार हातानं मागच्या बाजूला लिहून आणला.

बाजाराच्या त्या दिवशी दुपारी मी मालकांना सांगून कार्यक्रमाला गेलो. चर्चच्या आवारात मी तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. फाटकाशी बैलगाड्या सोडलेल्या होत्या. लिंबाखाली बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, बाजाराच्या पिशव्या मांडीशी धरून. चर्चची स्वतःची माणसं पलीकडं उन्हात बसली होती. सावली देऊ असं कागदावर छापलं होतं, म्हणून ती त्यांनी पाहुण्यांना सोडली होती. पाच वाजले तसा बाईंनी हात वर केला, आणि रंगात आलेलं प्रवचन पाळकसाहेबांनी तिथंच आवरलं. कुणाचीही गाडी चुकली नाही.

मी बाईंचं कौतुक करायला गेलो. त्या बोटांवर गावं मोजत होत्या.

“एका गावची एकबी बाई आली न्हाय,” त्या म्हणाल्या.

“अहो बाई, एवढी माणसं आली की!”

“व्हय, आली. पर तिथंबी कागद गेला व्हता.”

पुढच्या आठवड्यात बाई त्या गावी चालत गेल्या. तिथला मास्तर रजेवर होता, आणि हँडबिल शाळेच्या बंद दाराच्या फटीत तसंच अडकलेलं होतं. बाईंनी ते काढून पिशवीत ठेवलं. दोन दिवसांनी चर्चमधल्या दोघा गाणाऱ्यांना पेटीसकट घेऊन त्या पुन्हा तिथं गेल्या. बायका पाणी भरून परत येईपर्यंत थांबल्या, आणि जी गाणी उमरग्यात झाली होती ती सगळी त्यांना पारावर बसवून ऐकवली.