मामांचा बिनकाळजीचा पूल

जगात काळजी करण्याजोगं जे जे म्हणून आहे, त्या सगळ्याची काळजी माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी एकट्यानं वाहिलेली आहे. आमच्या नात्यागोत्यात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला ती उरलीच नाही. कुणाचा ताप उतरत नाही, कुणाच्या विहिरीला कठडा नाही, कुणाची मुलगी परीक्षेला परगावी एकटी निघाली आहे, असं काही असलं की आम्ही ते मामांच्या कानावर घालतो आणि स्वतः गाढ झोपतो. मामा मात्र रात्रभर जागे. माझ्या लग्नात मी होमापुढे बसलो तेव्हा या गृहस्थांची आणि माझी नीट ओळखही झालेली नव्हती. पण ठिणगी उडून नवरदेवाचं धोतर पेटेल या भीतीनं ते पाण्यानं भरलेली बादली घेऊन शेवटपर्यंत माझ्या पाठीशी उभे होते. बादली नाही असा एकही फोटो आमच्या अल्बममध्ये नाही. सप्तपदीच्या फोटोत तर नवरा, नवरी आणि बादली असे तिघं एका रांगेत चालताना दिसतात.

तहसील कचेरीतून बाबू म्हणून निवृत्त झालेला हा सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस कुलूप लावतो तेव्हा बघण्यासारखा असतो. आधी कुलूप लावायचं, मग ते ओढून बघायचं, मग दोन्ही हातांनी धरून अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकायचा. एकदा दुसरबीडला बहिणीकडे निघताना त्यांनी हा प्रयोग इतका मनापासून केला की कडी कोयंड्यासकट उपटून हातात आली आणि ते बिचारे दोन दिवस उघड्या घराची राखण करत ओट्यावर बसून राहिले. आम्ही त्यांच्या घरी पाहुणे गेलो आणि जेवून जरा आडवे झालो, की डोळा लागतो न लागतो तोच नाकाखाली काहीतरी हुळहुळतं. मामांचं बोट. श्वास चालू आहे ना, ते बघायला. "झोपा, झोपा जवाईबापू, काही नाई," असं म्हणून ते मांजराच्या पावलांनी परत जातात आणि मग आपल्याला काही झोप येत नाही.

एसटीत बसायचं म्हणजे तर परीक्षाच. डोणगावच्या एका लग्नाला आम्ही सगळं खटलं घेऊन निघालो होतो. खिडकीच्या जागा मिळाल्या होत्या, गाडी सुटायच्या बेतात होती, आणि मामा ड्रायव्हरजवळ जाऊन प्रेमानं म्हणाले, "भाऊ, रातच्याले झोप झाली ना?"

ड्रायव्हर सरळ माणूस होता. तो म्हणाला, "कायची झोप काका, पोट्टं रडू रडू रायलं रातभर."

झालं! मामांनी पिशव्या, पोरं आणि म्हाताऱ्या यांच्यासह सगळं वऱ्हाड खाली उतरवलं. पुढच्या गाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी हाच प्रश्न विचारला, त्याच्या पुढच्यालाही विचारला, आणि झोप झालेला ड्रायव्हर सापडेपर्यंत तिकडे मंगलाष्टकं, जेवणं आणि पाठवणी सगळं आटोपलं होतं. आमच्या वाट्याला परातीतला बुंदीचा चुरा आला. मामी तो चुरा खाता खाता एवढंच म्हणाल्या, "जित्ते तं पोचलो बाप्पा!"

या मामींविषयी सांगायलाच हवं. मामा सूचना द्यायचे आणि मामी त्या ऐकायच्या नाहीत, या एका तत्त्वावर त्यांचा संसार सुखानं चालला होता. शेती मामीच बघायच्या. मामा म्हणायचे विळा असा धर, मामी तसा धरायच्या. मामा म्हणायचे फोन जवळ ठेव, मामी तो घरी चार्जिंगला लावून शेतात जायच्या. मामा काळजीनं फोन करायचे आणि पलीकडच्या खोलीत रिंग वाजायची. "आली वाटते," म्हणून ते धावत जायचे. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आता अशा माणसाच्या काळजीतून सुटलेली एखादी वस्तू या पृथ्वीवर असेल, असं तुम्हाला वाटणार नाही. पण होती. मामांचं गाव नांदुऱ्याकडे, रेल्वेच्या रुळांना लागून, नदीच्या काठावर. तिथे इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा दगडी पूल होता. काळ्या दगडाच्या उंच कमानी, अंगाखांद्यावर पिंपळाची रोपटी, आणि कमानींच्या पोटात पारव्यांचं गाव. रेल्वेनं शेजारी सिमेंटचा नवा पूल बांधला, गाड्या तिकडून धावू लागल्या, जुन्या पुलावरचे रूळ उखडून नेले, आणि तो पूल आपोआप गावाचा झाला. बरीच शेतं नदीपलीकडे. बाया, बकऱ्या, बैल सगळे त्याच्यावरून जायचे. मिरच्या वाळायच्या त्या पुलावर. नव्या सुनेला मूठभर तांदूळ पहिल्या कमानीशी ठेवूनच पलीकडच्या शेतात नेत. पोळ्याला सजवलेले बैल आधी पुलावर न्यायचे आणि मग मारुतीला. बांधकामाच्या चुन्यात म्हणे उडदाची डाळ आणि गूळ घातला होता. गावातली म्हातारी माणसं हे अशा चवीनं सांगायची, की पूल बांधला होता की पंगतीला वाढला होता, असा प्रश्न पडावा.

जीव फार घाबरा झाला की मामा या पुलावर जाऊन बसायचे. बायकोची बहीण बाळंतपणाला दवाखान्यात होती तेव्हा ते दिवसभर तिथेच होते. मी त्यांना शोधत गेलो तर हे मधल्या कमानीवर, पाय खाली सोडून, चक्क शीळ घालत बसलेले! कठडा ढासळलेला, खाली नदी. एरवी हा माणूस स्टुलावर चढलेल्याला दोघांकडून धरून ठेवणारा. मी म्हणालो, "मामा, पडाल ना!"

ते दगडावर थाप मारून म्हणाले, "नाई पडत. जवाईबापू, साऱ्या दुनियेत ह्या एका पुलाची मले कायजी नाई. आपल्या आजाचं वजन यानं पेललं, इंजिनाचं पेललं. मी काय चीज हाय?"

गावासाठी वेगळा पादचारी पूल मागावा, अशी एकदा ग्रामसभेत चर्चा निघाली. तेव्हा जन्मात कधी सभेत तोंड न उघडणारे मामा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "काऊन पाह्यजे दुसरा? ह्या पुलाची हमी मी घेतो." ज्या माणसानं स्वतःच्या घराच्या कडीची हमी कधी घेतली नाही, तो पुलाची घेत होता! मग विषयच संपला. मामांना ज्याची काळजी नाही, ते पडणं शक्यच नाही, असं गाव धरून चाललं.

परतीच्या पावसाचे दिवस होते. मी आमच्या अमडापूरहून सहज त्यांच्याकडे गेलो होतो. सोयाबीन सोंगून झालेलं, शेतात गंजी लागलेली, आणि जेवणं झाल्यावर दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. मामी ताडपत्री झाकायला निघाल्या. मामा त्यांच्यामागे अंगणापर्यंत गेले. नदी ओलांडायला वर पूल आणि जरा खालच्या अंगाला पाण्यालगतचा रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल, अशा दोन वाटा होत्या. मामा ओरडले, "वारा सुटला तं रपट्यावरून येऊ नको वं! पुलावरूनच ये! आयकलं काय?" मामींनी मागे न वळता हात हलवला. त्याचा अर्थ हो असा होतो की नाही असा, हे इतक्या वर्षांत मामांनाही कळलेलं नव्हतं.

आणि मग वारा सुटला. तसा वारा मी पाहिला नव्हता. पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, अंगणातला लिंब मुळासकट आडवा झाला. पाऊस तर आडवाच येत होता. वरच्या घाटाकडे केव्हापासून कोसळत होता कोण जाणे, नदीचा आवाज घरात ऐकू येऊ लागला. मामांनी सवयीनं फोन लावला. आतल्या खोलीत रिंग वाजली. या वेळी ते "आली वाटते" म्हणाले नाहीत.

आम्ही नदीवर धावलो. निम्मं गाव तिथे जमलं होतं. नदी मातकट, फुगलेली, झाडंच्या झाडं घेऊन येत होती. नव्या पुलाच्या अलीकडे एक गाडी दिवे लावून थांबवून ठेवली होती. रपटा केव्हाच पाण्याखाली गेला होता. मामा मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे जुन्या पुलाच्या पलीकडच्या टोकावर. मला म्हणाले, "पूल हाय ना. पुलावरून येते ती." पावसाचा पडदा इतका दाट की निम्म्या पुलापुढे काही दिसत नव्हतं. एक भलंमोठं झाड कमानींना आडवं येऊन अडकलं, त्याच्या मागे दुसरं, मग कडब्याच्या पेंढ्या, कुणाचं तरी छप्पर. पाणी तुंबून वर चढू लागलं. कुणीतरी ओरडलं, "सरका मांगं!" पारव्यांचा एक थवा पावसात बाहेर फेकल्यासारखा उडाला. मधली कमान जराशी वाकली, म्हातारा माणूस बसण्याआधी वाकतो तशी, आणि पूल खाली बसला. आवाज नंतर आला. पायाखालची जमीन हादरली, आणि समोर नुसतं पाणी.

माणसं ओरडत होती, बाया रडू लागल्या. दुधावर साय धरली नाही तरी येरझारा घालणारे मामा एका जागी खांबासारखे उभे होते. मला त्या पुरापेक्षा त्यांच्या तसं उभं राहण्याची जास्त भीती वाटली. मी त्यांचा दंड धरला तर तो गारठलेला. "मीच सांगतलं होतं," ते म्हणाले. "पुलावरून ये म्हनून मीच सांगतलं होतं." मग पुन्हा तेच. मामी तशाही तुमचं ऐकत नाहीत, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण आजच ऐकलं असेल तर, या विचारानं ते घशातच राहिलं. आयुष्यात एकदा नवऱ्याचं ऐकावं असं कुणाही बाईला वाटू शकतं, आणि नेमका तो दिवस आजचा असू शकतो.

पाऊस ओसरत आला, उजेड उतरू लागला. पलीकडच्या काठावर खताच्या रिकाम्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेल्या काही आकृत्या दिसू लागल्या. खोळ घेतली की सगळी माणसं सारखीच दिसतात. मामा एकेका आकृतीकडे बघत होते आणि एकेक माणूस कुणा दुसऱ्याचं निघत होतं. कुणाची आई, कुणाचा भाऊ. अलीकडून हाक जायची, पलीकडून हात हलायचा, आणि इकडचं एक माणूस मटकन खाली बसून रडायचं. सगळ्यांच्या मागून एक ठेंगणी खोळ सावकाश पुढे आली, तिनं कमरेवर हात ठेवले आणि पडलेल्या पुलाकडे, घरात सांडलवंड झालेली बघावी तसं, नापसंतीनं बघितलं.

मामा किंचाळले, "कोठी होती वंऽऽ?"

नदीवरून आवाज आला, "खोपीत होऽऽती!"

"पुलावरून ये म्हटलं होतं नाऽऽ!"

"डोक्यावर गवताचा भारा होताऽऽ! वर वारा लागते! म्हनून रपट्याकडं गेऽऽली! तिथी पानी होतं, मंग वापस फिऽऽरली!" आणि श्वास घेऊन, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं, "तुमचं आयकलं असतं तं गेऽऽली असती ना!"

दोन्ही काठांवर हशा पिकला. रडत्या बायाही हसू लागल्या. मामा हसले नाहीत. ते पाण्याच्या अगदी कडेला गेले आणि हात हलवत ओरडू लागले, "मांगं सरक! काठ ढासळते! मांगं सरक!" पलीकडून मामी ओरडल्या, "तुम्ही सरका अगुदर!" "तू सरक!" "तुम्ही सरका!" पाऊण संसार असाच झालेला असल्यामुळे दोघांपैकी कुणीच सरकलं नाही. शेवटी मी आणि एका शेजाऱ्यानं मामांना बखोटीला धरून मागे ओढलं. मामी रात्री पलीकडच्या गावात नातलगाकडे राहिल्या आणि सकाळी लांबच्या रस्त्यानं ट्रॅक्टरवर बसून आल्या. गवताचा भाराही घेऊन आल्या.

ज्याच्यावर भरवसा ठेवला तेच पडलं, तेव्हा आता मामा काळजीनं वेडे होतील, असा आमचा सगळ्यांचा अंदाज होता. झालं उलटंच. त्यांचे फोन येईनासे झाले. दिवाळीनंतर मी गेलो, जेवून मुद्दाम आडवा झालो, डोळे मिटून वाट बघितली, पण नाकाखाली बोट आलं नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेवटी मी उठून विचारलंच. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. म्हणाले, "जवाईबापू, जन्मभर ज्याची ज्याची कायजी केली ते सारं जागेवर हाय. ज्याची नाई केली ते गेलं. अन् ती माह्यं आयकत नाई म्हनून वाचली. मंग मी इतके दिस काय करून राह्यलो होतो, सांगा बरं?" त्यांनी अर्धी सुपारी माझ्या हातावर ठेवली.

आता मामा रोज मामींबरोबर शेतात जातात. पूल नाही, त्यामुळे सडकेनं मोठा वळसा पडतो. तिथे ते काही काम करत नाहीत, काही सूचनाही देत नाहीत. विळा कसाही धरला तरी बोलत नाहीत. नुसते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून असतात. नदीकडे पाठ करून.

परवा बायको आणि मी हरभऱ्याची भाजी खुडायला शेतात गेलो होतो. मामी माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "पयले बोलून बोलून डोकं खायचे वं. आता एक सबद काढत नाई. इतकं चुप मानूस मले नाई पायवत." मग त्या पुन्हा कामाला लागल्या. ओळीत चार पावलं पुढे गेल्या, थांबल्या, आणि पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून त्यांनी मागे वळून धुऱ्याकडे बघितलं. मामा होते. मामी पुन्हा वाकल्या, आणखी चार पावलं गेल्या, आणि पुन्हा वळल्या.