हळदीचं गाणं

सगळा हॉल माझ्याबरोबर गायला लागला आणि तिथंच माझा घात झाला.

नाशिकमधल्या एका हॉलात स्वरचित गीतांची स्पर्धा होती. स्वतः बांधलेलं गाणं स्वतःच म्हणायचं. जो पहिला येईल त्याच्या गाण्यांची सीडी निघणार होती, वर नाव आणि फोटो छापून. शाल, नारळ, ढाल यांतलं मला काही नको होतं. ती सीडी हवी होती. मी पहिलं कडवं म्हटलं, पालुपदावर आले आणि खुर्च्यांवरच्या बायांनी ते उचललंच. "सावकाश लावा गं हळद, लेक रानातून आली." टाळ्यासुद्धा नेमक्या जागेवर पडत होत्या. मला वाटलं, जिंकले.

शेवटच्या कडव्याला मात्र हॉल गप्प झाला. ते कुणाला येत नव्हतं. त्या कडव्यात गाणं कुणी बांधलं ते येतं, माझं नाव आणि गावाचं नाव. मी एकटीनंच ते म्हणून संपवलं.

परीक्षकांतल्या चष्मेवाल्या बाईंनी माईक ओढून घेतला. "आजी, फार गोड म्हटलंत. पण इथं स्वतः रचलेलं गाणं लागतं."

"मीच रचलंय."

"हे पारंपरिक गीत आहे. सगळ्यांना पाठ आहे, बघितलंत ना?"

"कॅसेट निघाली होती माझी, म्हणून पाठ आहे."

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक पोरगी उठली. "मॅडम, माझी आजी म्हणते हे, नांदगावला. आमच्याकडे ह्याच्याशिवाय हळद लागत नाही." ती खोटं बोलत नव्हती. तिच्या तोंडावरून कळत होतं की मला मदत करतेय असंच तिला वाटतंय.

बाई म्हणाल्या, "शेवटचं कडवं तुम्ही मागाहून जोडलेलं दिसतं. बाकी गाणं किती जुनं आहे ते त्यातल्या लेकीच्या बोटाला लागलेल्या वांग्याच्या काट्यावरूनच कळतं. असं बारीक निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्या मुरल्याशिवाय येत नाही."

मी बोट वर करून दाखवलं. "काटा परवाचाच आहे, बाई."

हॉल हसला, बाईही हसल्या. पण कागदावर माझ्या नावावर मारलेली काट काही पुसली नाही. मला बाद केलं.

गाणं कसं झालं ते सांगते. मखमलाबादकडे आमचा मळा. आम्ही माळी, भाजी आणि फुलं पिकवून बाजारात विकणारे. दुपारी बाया मेथीच्या जुड्या बांधायला बसायच्या, तेव्हा मी एक ओळ सोडायची, बाकीच्यांनी ती उचलायची. गवताचा पीळ आवळला की ओळ संपली पाहिजे, हा ताल. चौथीपर्यंतच शिकलेली असल्यामुळे मला लिहिण्यापेक्षा हे सोपं जायचं. एकदा जावेच्या पोरीची हळद होती. आदल्या दिवशीपर्यंत ती वांगी तोडत होती. वांग्याच्या देठाला काटे असतात, बोटं चिरतात, आणि चिरलेल्या बोटाला हळद झोंबते. पोरगी हळद लावताना ओरडली तेव्हा करवल्या हसल्या. मला हसू आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात जुड्या बांधता बांधता गाणं झालं. सावकाश लावा.

मग लोक हळदीला मला बोलवायला लागले. शेजारीण ढोलकी वाजवायची, मी म्हणायची. माझी पंधरावीस गाणी झाली, सगळी माझीच. दुसऱ्याचं मी म्हणत नसे. माज म्हणा, पण नसे.

त्यातून कॅसेट निघाली. नव्वद सालानंतरची गोष्ट. सातपूरला एका वर्कशॉपच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये एक माणूस बँडवाल्यांची, ऑर्केस्ट्रावाल्यांची रेकॉर्डिंग करायचा. त्यानं शनिवारी बोलावलं, कारण शनिवारी तिथल्या कारखान्यांना सुट्टी असते. एरवी शेजारच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनचा दणका टेपमध्ये उतरायचा. हळदीचं गाणं पहिल्या बाजूला शेवटी होतं. शेवटचं कडवं सुरू करणार तेवढ्यात त्यानं हात हलवला. "मावशी, बाजू संपत आली. ते कडवं सोडा."

"त्यात माझं नाव आहे."

"नाव कव्हरवर छापतोय ना? फोटोसकट छापतोय."

मला पटलं. त्याचं चुकलं असंही नाही, टेप खरंच संपत आली होती.

बाजारात भाजीच्या पाटीशेजारी मी कॅसेटी मांडल्या. खपल्या बऱ्या. पण लोक तेव्हा एका कॅसेटवरून दुसरी भरून घ्यायचे, आणि भरलेल्या कॅसेटला कव्हर कुठलं? माझं नाव कव्हरवर राहिलं आणि गाणं गेलं पुढं. एकदा हरसूलच्या बाजारात कॅसेटवाल्याच्या भोंग्यावर माझाच आवाज ऐकू आला. मी विचारलं, कुणाचं रे गाणं? तो म्हणाला, "जुनं हाय मावशे, लय चालतं." मला गंमत वाटली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गाणं जुनं झालं म्हणजे तू मेलीस समज." तेव्हा दोघंही हसलो. त्याच्या बोलण्यात किती दम होता ते त्या हॉलात कळलं.

स्पर्धेहून परत येताना सून रिक्षात फणफणत होती. "आई, तुम्ही भांडायला पाहिजे होतं."

"कुणाशी? नांदगावच्या त्या म्हातारीशी?"

"तुमचं गाणं आहे ते!"

"मग? तिनं काय चोरलंय का? हळदीला म्हणायला केलं, हळदीला म्हणतेय ती."

असं म्हटलं खरं, पण मला राग होता. नाव शेवटी ठेवलं म्हणून कापलं गेलं. आता अशा जागी ठेवायचं की कापताच येणार नाही. मी नवीन गाणं बांधलं आणि नाव थेट पालुपदात घातलं. काढलं तर ताल मोडेल, असं घट्ट बसवलं. चाल पहिल्या गाण्यापेक्षा चांगली होती, हे मी आजही सांगते.

शेजारणीच्या लेकीच्या हळदीला ते म्हटलं. ढोलकी नीट चालली होती. दोनदा पालुपद झालं आणि बाया थांबल्या. हळदीच्या गाण्याची रीत अशी की पालुपदात नवरीचं नाव घालतात. जिची हळद तिचं नाव. माझ्या जुन्या गाण्यात ती जागा मोकळी होती, कॅसेटवर मी तिथं नुसतं 'लेक' म्हटलं होतं. नव्या गाण्यात तिथं मी बसले होते. शेजारीण वाटी हातात धरून म्हणाली, "वहिनी, हळद हिला लावायची का तुम्हाला?"

"लावा की त्यांनाच," दुसरी म्हणाली, "ह्यांच्या मालकांना विचारा, परत मांडव घालतात का!"

मांडवभर हशा झाला. पुढच्या मिनिटाला त्यांनी जुनं गाणं सुरू केलं, 'लेक'च्या जागी त्या पोरीचं नाव घालून. मीही म्हटलं. दुसरं काय करणार?

मग मी बरेच दिवस तोच विचार करत होते. नाव ठेवलं तर गाणं मांडवात जात नाही. गाणं जायचं तर ती जागा दुसरीला द्यावी लागते. दोन्ही मिळेल अशी चाल मला सापडली नाही, आणि मी खूप शोधली. शेवटी नाव काढलं. त्यानंतर जी गाणी केली त्यांत ते कुठंच नाही, शेवटच्या कडव्यातही नाही. त्यांतली दोन चालली, बाकीची पडली. सीडी निघाली नाही ती नाहीच.

काही वर्षांनी सातपूरला भाच्याच्या लेकीची हळद होती. पोरगी कंपनीत पत्रा कापायच्या मशीनवर कामाला. तिच्या मैत्रिणींनी गाणं सुरू केलं, "सावकाश लावा गं हळद, लेक शिफ्टवरून आली." वांग्याचा काटा काढून त्यांनी पत्र्याची धार घातली होती. कडवं बरोबर होतं. पत्र्यानं चिरलेलं बोट काट्यापेक्षा जास्त झोंबतं. एका जागी ओळ लांबवत होत्या, ते मला खटकलं. मी ओठ हलवत होते ते बघून शेजारची एक पोरगी म्हणाली, "आजी, येत नसेल तर नुसत्या टाळ्या वाजवा."

"येतं थोडं," मी म्हटलं.

आनंद झाला असं मी म्हणणार नाही. नाव गेलं ते गेलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण ओळ त्या लांबवत होत्या ना, तिथं मी टाळी जरा जोरात दिली. दुसऱ्या वेळेस त्यांनी ती आवरती घेतली.

मेथीच्या जुड्या बांधता बांधता ते गाणं मी केलं. कॅसेट मी काढली, स्पर्धेतून बाद झाले ती मीच. आणि त्या दिवशी सातपूरला टाळ्या वाजवत बसलेली म्हातारीही मीच होते.