नावाचा रकाना

विद्यापीठाच्या वार्षिक व्याख्यानमालेत प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे असतात. गेल्या वर्षी चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. यंदा त्यांवर नाव आणि वर्गाचा रकाना छापलेला होता.

"काका, नाव कशाला?" मी चिठ्ठ्या वाटणाऱ्या शिपाईकाकांना विचारलं.

"शिकायला आलायस ना? मग ऐक अन् घरी जा," ते हळूच म्हणाले.

आमच्या घरातून विद्यापीठापर्यंत पोचलेलं पहिलं नाव माझंच. मी प्रश्न लिहिला, पण नाव लिहवेना. शांतता अशीच येत असावी, एखाद्या छापील रकान्यातून. चिठ्ठ्यांची पेटी रिकामीच मंचावर पोचली.

"प्रश्न नाहीत, म्हणजे सगळ्यांना पटलं!" अध्यक्ष हसले.

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. चिठ्ठी माझ्या तळहातांमध्ये चुरगळत होती.