चाचा आणि अर्धा घोडा

कुणी ठासणीची बंदूक दुरुस्तीला आणली, की चाचा आधी सलामही घ्यायचे नाहीत. घोड्याखालचं यंत्र काढून कानाशी धरायचे नि बोट वर करायचे. "थांबा, त्याले बोलू द्या."

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, गिऱ्हाइकापेक्षा वस्तूचं जास्त ऐकणारा. नांदुऱ्यात त्यांच्या दुकानाला लागूनच माझं शिलाई मशीन. ऐकून ऐकून मलाही ते यंत्र कळायला लागलं.

"हे पाहा बाई, हा आपटला का बार उडते, तो घोडा. अर्धा चढवला की ही लोखंडी जीभ या खोल खाचेत बसते. मग चाप ओढला तरी घोडा पडत नाही. पुरा चढवला की ती वरच्या उथळ खाचेत. किती उथळ, ते हा बारका स्क्रू ठरवते. पाव आटा चुकला, का गेला माणूस."

"माणूस कशाला, शेतातलं डुक्कर म्हणा चाचा!"

"डुक्कर पळून जाते बाई. माणूस सापडते."

मी तेव्हा हसायची.

एकदा रोहिणखेडकडचा एक शेतकरी लायसनची बंदूक घेऊन आला. "चाचा, चाप लई जड आहे. ओढता ओढता डुक्कर अर्धा मका खाऊन जाते." चाचांनी स्क्रू पाव आटा फिरवला. यंत्र हातात धरून दहादा घोडा चढवला, पाडला. ठीक होतं.

पण त्यांचा नेम असा, की यंत्र बंदुकीच्या लाकडात बसवून पुन्हा तपासायचं. आत लाकूड जिभेला अडलं, तर ती खाचेत पुरती बसत नाही. मग अर्धा घोडाही भरवशाचा नाही.

"बस सुटून राह्यली हो चाचा!" शेतकऱ्याची सारखी घाई. चाचांनी यंत्र आवळलं, बंदूक देऊन टाकली.

थोड्या वेळानं चहा आला. कप ओठाशी नेला आणि तसाच खाली ठेवला त्यांनी.

"बाई, लाकडात बसवल्यावर घोडा तपासून पाह्यला काय मी?"

मी मशीन थांबवलं. "नाही चाचा."

फोन लावला, लागेना. चाचा ऑटो करून निघाले. चप्पल घालायचीही शुद्ध नव्हती.

पुढचं त्या शेतकऱ्यानंच सांगितलं. घरी पोचल्याबरोबर त्यानं बंदूक भरली, अर्ध्या घोड्यावर ठेवून खुंटीला टांगली. चाचा आले ते ओरडतच. सगळ्यांना अंगणात काढलं. बायको झोळीतलं लेकरू उचलताना कुरकुरली, "आत्ताच निजलं होतं, काऊन उठवता?"

चाचा एकटे आत गेले. बंदूक खुंटीवरून उतरवली, तोच घोडा पडला. चापाला बोटही लागलं नव्हतं. गोळी झोळीतून आरपार गेली.

आठ दिवसांनी ती बाई लेकराला घेऊन आली. चाचांचं दुकान रिकामं झालं होतं. ते माझ्याकडे बसले होते, पिशवी घेऊन, मुलीकडे कायमचं जायला निघालेले.

"घ्या ना चाचा," तिनं लेकरू पुढं केलं, "तुमच्यामुळंच आहे ते."

"माझ्यामुळंच जात होतं, बेटी."

लेकरानं त्यांची दाढी पकडली. चाचा वाकले, हवी तेवढी ओढू दिली. डोळे भरून हसलेसुद्धा. दोन्ही हात मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाठीमागंच ठेवले.