नातीच्या ओढणीचा वास

शनिवारी नात घरी आली का तिच्या ओढणीले स्पिरिटचा वास येते, अन् मले माझी म्हातारी आठवते. नात नववीत होती तवा तिच्या नगरपरिषदेच्या शाळेसंग कॉलेजवाल्यांनी सांगड घातली. दर शनिवारी पोरींनी कॉलेजात जाऊन प्रयोग करायचे. मले काही उमजेना. पोरगी शाळेची, मंग कॉलेजात कायले? अन् घरच्या हातमागाच्या सुताच्या कांड्या कोण भरन? पालकांले बोलावलं, तवा मी म्हातारीले घेऊन 'नाही' सांगालेच गेलो होतो. म्हातारीनं प्रयोगशाळेच्या दारात देवळावानी चपला काढल्या. तिले पाहून साऱ्या पोरींनी बूट काढले. मॅडम धावत आल्या, "आजी, चपला घाला, खाली काच असते!" म्हातारी म्हणे, "घालतो बाई, पण नातीले येऊ द्या. कांड्या मी भरीन." माझं 'नाही' तोंडातच राह्यलं. मी म्हातारीले हळूच विचारलं, "काय वं, आता पोरगी शाळेत हाय का कॉलेजात?" "घरी चाला, मंग सांगीन." घरी आली अन् कांड्या भरत बसली, सांगायचं राह्यलंच. औंदा म्हातारी गेली. कांड्या आता मीच भरतो. नात मले सारं समजावते, पण डोक्यात शिरत नाही. ते म्हातारी सांगणार होती.