पोलीसबाईंचा फोन

आमची ही शाळेत गणित शिकवते. पोरं पाठीमागे तिला पोलीसबाई म्हणतात, आणि मी शिंपी आहे म्हणून सांगतो, हे नाव तिला अगदी मापात बसतं. वर्गात फोन नको, हा नियम शाळेला तिनेच भांडून करायला लावला. दाराशी लटकवायला कप्प्याकप्प्यांचं जाड कापड मी शिवून दिलं. आत शिरताना प्रत्येकाने आपला फोन त्यात ठेवायचा. पहिला कप्पा तिचा स्वतःचा, त्यामुळे दिवसभर मी तिला फोन केला काय न केला काय, सारखंच.

यंदा तिच्या वर्गात एक मुलगी आली. आजारपणात तिचं ऐकू येणं गेलेलं. ती ओठांवरून ओळखून वेळ मारून न्यायची, पण पोलीसबाईंनी फळ्याकडे तोंड केलं की सगळं बंद. सहामाहीला गणितात दांडी गुल झाली. वडील म्हणाले, "शाळा सोडवतो. रोज रडत घरी येते."

मुलीचं मागणं एवढंच होतं, की बोललेलं फोनवर अक्षरांत उमटतं, तेवढा फोन बाकावर राहू द्या. मुख्याध्यापक म्हणाले, "एकीला दिला की उद्या सगळा वर्ग मागेल. आणि बाई, नियम तुमचाच आहे."

त्या संध्याकाळी हिने घरी येऊन मला हे सांगितलं. मी म्हटलं, "आलं ना आपलंच आपल्या गळ्यात?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट शिवणयंत्रावर जाऊन बसलो.

सकाळी तिने पहिल्या कप्प्यातला आपला फोन काढला आणि त्या मुलीच्या बाकावर ठेवला.

"मुलांनी फोन वापरायचा नाही, असा नियम आहे," तिने वर्गाला सांगितलं. "हा माझा आहे. तो तिच्यासाठी ऐकेल."

पहिल्या तासाला पडद्यावर नुसती खिचडी उमटली, कारण हिच्या तोंडाचा पट्टा. हळू बोल, हळू बोल म्हणून मी लग्नापासून घसा कोरडा केला होता. फोनने ते काम आठवड्यात केलं. फळ्याकडे तोंड करून बोलणंही सुटलं.

मग एकदा मुख्याध्यापक तपासायला आले. थेट त्या बाकापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हे किती दिवस चालणार?"

"ती शिकतेय तोवर," ही खालच्या आवाजात म्हणाली. "इतकी हुशार पोर माझ्या हाताखाली आजवर आली नाही. तिला मी जाऊ देणार नाही."

आता हिने आयुष्यात कुणाची तोंडावर तारीफ केलेली नाही. माझ्या शिवणालाही 'बरं आहे'च्या पुढे मजल नाही. पण बाकावरचा फोन चालूच होता, आणि मुलगी पडदा वाचत होती.

मुख्याध्यापकांनी पुढे नियमात तिच्यापुरती सवलत लिहून घातली. फोन बाकावर ठेवल्यापासूनचं हे सगळं मला हिने नाही सांगितलं. परवा त्या मुलीचे वडील तिला घेऊन दुकानात गणवेशाचं माप द्यायला आले, तेव्हा त्यांच्याकडून कळलं. बाईंचं ते बोलणं मुलीने घरी शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं होतं. ऐकताना माझी छाती अशी फुगली, की टेप हातातच राहिली.

"शिवणीत कापड जरा जास्त सोडा," ते म्हणाले. "अजून दोन-तीन वर्षं घालायचाय."

मी भरपूर सोडलं.