ट्रॉलीचा हार

खंडेनवमीला आमच्या पंपांच्या कारखान्यात प्रत्येक जण आपापल्या मशीनची पूजा करतो. यंदा सगळ्या ऑर्डरी वेळेवर गेल्या, त्यामुळे झेंडूचे हारही जाड होते. कारखाना मी चालवते, म्हणून पूजेनंतर मला चार शब्द बोलायचे होते.

तेवढ्यात प्रेसवरच्या सुलभाताईंनी आपल्या मशीनचा हार कात्रीने मधोमध कापला आणि त्यातला अर्धा तुकडा माल वाहायच्या ट्रॉलीला बांधला. ट्रॉलीला हार नव्हता, कारण ती कोणा एकाची नाही. तिच्यावाचून मात्र एकही सुटा भाग या मशीनवरून त्या मशीनवर गेला नसता.

"दौलतभाऊ, कुंकू लावा," ताई म्हणाल्या.

ट्रॉली ढकलणारे दौलतभाऊ मागेच थांबले. "माझं कुठलं मशीन? मी ठेकेदाराचा माणूस. आज आहे, उद्या काढतील."

"मग वर्षभर काय पाहुणे म्हणून ढकलत होता?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. 'हे यश आपल्या सगळ्यांचं' हे माझ्या भाषणाचं पहिलंच वाक्य ठरलं होतं. ज्याच्या घामावर वर्ष काढलं, त्याला परका ठेवून 'आपण' म्हणणं ही लबाडी आहे. शब्द गोड असला म्हणून ती कमी होत नाही.

"दौलतभाऊ, पुढच्या महिन्यापासून तुम्ही कंपनीचे. कायम."

"आणि ठेकेदाराचे बाकीचे तिघं?" सुलभाताईंनी लगेच विचारलं. "ट्रॉली एकट्याच्याने हलत नाही, मॅडम."

"तेही."

भाषण राहूनच गेलं. दौलतभाऊंनी कुंकवात बोट बुडवलं आणि ट्रॉलीच्या दांड्यावर, तळव्यांनी घासून जिथला रंग उडाला होता, बरोबर तिथे टिळा लावला.